ती भोकं मशीनगनची नाहीत

17 सप्टेंबर जवळ आला की आमच्या हिंगोलीत जुन्या मोटारींचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. एखादी गंजलेली गाडी आणि खाली दोन ओळी: ‘रझाकारांची मोटार, याच गाडीतून ते गावात येत.’ यंदा फोटोतली गाडी ओळखीची निघाली. ती माझ्या नानांच्या वडिलांची फोर्ड. वसमत तालुक्यात मामूंच्या गोठ्यामागे पत्र्याखाली उभी आहे. लहानपणी तिच्या स्टिअरिंगला लटकून मी मक्का-मदिना करून आलो आहे.

फोटो टाकणाऱ्याने तीन पुरावे दिले होते. गाडी लष्करी हिरवी आहे. दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा आहे. मागच्या बाजूला चार मोठी भोकं आहेत, तिथे मशीनगन बसवली जायची. चौथा पुरावा त्याने लिहिला नव्हता, पण बाकीचे तिन्ही त्याच्याच जिवावर उभे होते: मालकाचं आडनाव.

आधी एक गोष्ट साफ करतो, म्हणजे पुढे कोणी मला ती शिकवणार नाही. रझाकारांनी अत्याचार केले. गावं लुटली, माणसं मारली. त्यांचा पुढारी कासिम रझवी आपल्याच लातूरचा वकील. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान याने त्यांच्याविरुद्ध लिहिलं, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्याचा हैदराबादेत खून केला. त्यांनी मोटारी, ट्रक वापरले हेही खरं. म्हणून तर म्हणतो, त्यांची खरी गाडी कुठे सापडली तर ती जपा, पाटी लावा, पोरांना दाखवा. पण आधी ती त्यांचीच आहे हे ठरवा.

आणि गाडीचं हे ठरवता येतं. माणसापेक्षा बरंच सोपं असतं ते.

रंगाचं घ्या. दुसऱ्या महायुद्धात जगभरच्या सैन्यांनी साध्या नागरी गाड्या वापरल्या. इंग्रजांनी तर ऑस्टिन, हिलमन, मॉरिस या घरगुती मोटारींच्या मागे हौदा बसवून लष्करी गाड्या केल्या. शिपाई त्यांना ‘टिली’ म्हणत. अशी गाडी ओळखायची तर वरचा रंग बघून भागत नाही. दाराच्या फटीत, बॉनेटच्या आतून, डॅशबोर्डखाली बघायचं. लष्कर रंगवतं तेव्हा सगळं रंगवतं, चकाकणारा क्रोमही सोडत नाही. मडगार्डवर आणि बॉनेटच्या बाजूला आकड्यांच्या खुणा शोधायच्या, बाण शोधायचा. इंग्रजांच्या सरकारी मालावरचा तो बाण आजही आपल्या लष्कराच्या नंबरप्लेटवर दिसतो. मी मामूंच्या गोठ्यात बसून नखाने रंग खरवडला. हिरवा वर, त्याखाली गंज, गंजाखाली काळा. म्हणजे हिरवा रंग गाडी गंजल्यानंतर लागला. ब्रशचे फराटे दिसतात, आणि क्रोमच्या पट्टीला कोणी हात लावलेला नाही. विहिरीवरच्या इंजिनाला आणलेला डबा उरला होता, तो मामूंनी तिला फासला. मामी सांगते, खिडक्याही त्याच रंगाच्या होत्या.

दिव्यांवरच्या काळ्या रंगाचं उत्तर तर घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने दिलं असतं. 1971 च्या लढाईत ब्लॅकआउट होता. वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करायचा. नानांनी केला. ती लढाई पाकिस्तानशी होती, एवढं तरी आठवत असेल. भारताच्या सांगण्यावरून लावलेला रंग त्याच भारताविरुद्धचा पुरावा झाला.

याच फोटोंच्या रांगेत एक जीपही होती. खाली लिहिलं होतं, ‘1948 च्या पोलीस ॲक्शनमध्ये आलेली लष्करी जीप’. महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपच्या जाळीला नऊ फटी असतात, बॉनेट बसकं असतं. नागरी जीपला सात. फोटोतल्या जीपला सात फटी आहेत आणि बॉनेट उंच आहे. हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत 1953 ला निघालं. पाच वर्षं आधी ते हिंगोलीत पोचलं कसं? यावर कोणी तक्रार केली नाही, मीही केली नसती. चुकून कोणाला शौर्यपदक मिळालं तर कोणाचं काय जातं! (आपल्याकडे जीप जोडणाऱ्या कंपनीचं पहिलं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. त्या हिशेबाने कोणत्या जीपवर कोणती पाटी लावणार?)

आता आमच्यातल्यांना दोन शब्द. नात्यातला एक पोरगा मला म्हणाला, “भाईजान, इन्कार कायको करना? निजामच्या फौजेला दिली होती म्हणा ना, शान की बात है.” कसली शान? ज्या राजवटीत माझ्या पणजोबांना आणि त्यांच्या मराठा सालदारालाही मत नव्हतं, तिची? तो खोटेपणाही त्याच फोटोसारखाच. गाडीला कागद नाही, आठवण नाही, खूण नाही. मनाला बरं वाटेल ते चिकटवायचं.

एक गोष्ट मात्र त्या फोटोखाली खरी लिहिली होती: ‘पोलीस ॲक्शननंतर ही गाडी लपवून ठेवली होती.’ होय, लपवली होती. 13 सप्टेंबरला फौजा निघाल्या, 17 ला निजामाने शस्त्रं टाकली, त्याच सुमारास एक तुकडी हिंगोलीत आली. त्यानंतर मराठवाड्यात मुसलमानांचं काय झालं ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे. नेहरूंनीच पाठवलेली समिती. तिचा अंदाज होता, कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. तो अहवाल कित्येक दशकं सरकारने बाहेर येऊ दिला नाही. त्या दिवसांत पणजोबांनी गाडीवर कडब्याची गंजी रचली. रचायला तो सालदार होता. दागिन्यांचा डबाही त्याच्याच घरी होता, आणि परत आला तेव्हा त्यातली एक नथसुद्धा कमी नव्हती. घाबरलेला माणूस वस्तू लपवतो. त्यावरून तो गुन्हेगार ठरत असेल तर त्या वर्षी अर्ध्या मराठवाड्याने काही ना काही लपवलं होतं. आधी हिंदूंनी रझाकारांच्या भीतीने, मग आम्ही.

राहिली ती चार भोकं. महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं, तेव्हा देशभर बस आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवत. गाडीच्या मागे लोखंडी टाकी बोल्टांनी आवळायची, त्यात कोळसा पेटवायचा, नळीने गॅस इंजिनाकडे. गाडी रडत-रखडत चालायची, चढावर उतरून ढकलावी लागायची, असं नाना सांगत. मी टेप लावून भोकांमधलं अंतर मोजलं, मग टाकीच्या पायांमधलं. बरोबर जुळलं.

मोजमापाचे फोटो मी त्या गृहस्थांना पाठवले आहेत. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पोस्ट आहे तिथेच आहे. त्यांना प्रत्यक्ष यायचं असेल तर टाकी गोठ्यातच आहे. मामू तिच्यात म्हशींसाठी सरकी भिजवतात.