रात्री बेडवर नसेल तर कार्ड चालत नाही

माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी दोन आठवडे सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार वॉर्डात होता. बाबा उद्यमबागला फाउंड्रीत कामाला, पैसा बेताचाच. पण आयुष्मानचं कार्ड होतं, म्हणून निभावलं. डिस्चार्जला डॉक्टर म्हणाले, "आता ॲडमिटची गरज नाही. पण दीड महिना डे-केअरला पाठवा. सकाळी सोडा, संध्याकाळी घरी न्या."

तिथं दिवसभर समुपदेशन, गटात बोलणं, हाताला काम, औषधांवर लक्ष. आम्ही कार्ड पुढं केलं. काउंटरवरून उत्तर आलं, "पेशंट रात्री बेडवर नसेल तर कार्ड चालत नाही."

आठ दिवस पदरचे पैसे भरले. नवव्या दिवशी आईनं त्याला घरीच ठेवलं. दोन महिन्यांनी तो परत वॉर्डात गेला. तेव्हा मात्र कार्ड चाललं!

म्हणजे आजार बळावेपर्यंत थांबा, मग सरकार पैसे देईल. काउंटरवरच्या माणसाला काय बोलणार? घोळ योजनेतच आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देते, पण मुख्यतः दाखल रुग्णाला. ओपीडी त्यात नाही.

कुणी म्हणेल, दाखल न होता पैसे कसे द्यायचे? मग डायलिसिसचं बघा. पेशंट सकाळी जातो, काही तासांनी घरी येतो, तरी योजना पैसे भरते. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यानं तर १ जानेवारी २०२४ पासून आठवड्याला किमान ९ तासांचे मानसोपचारही दाखल न करता मान्य केलेत. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगतं, विम्यात शरीराच्या आणि मनाच्या आजारांना एकच न्याय हवा. मग किडनीला एक नियम आणि मनाला दुसरा का?

महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं विरोध केला. कार्ड कुणाचं यावर आपण भरपूर भांडलो. आता कार्डात काय आहे, तेही दोन्ही सरकारांना विचारूया.

मागणी साधी आहे. मनाच्या आजारासाठी दिवसभराच्या उपचारांचं पॅकेज द्या, आणि तालुक्याच्या दवाखान्यात मराठी बोलणारा समुपदेशक द्या. या उपचारात बोलणं हेच औषध असतं, आणि मनातलं दुःख माणूस आईच्या भाषेतच सांगतो.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आमदारांना निवेदन द्या. आणि घरात असं कुणी असेल तर लपवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. आम्ही लपवण्यात सहा महिने घालवले होते.