केवळ सूक्ष्मता म्हणजे भस्मसिद्धी नव्हे

भस्म चिमटीत घेऊन चोळावे, बोटांच्या रेषांत भरले की खरेदी पक्की करावी, अशी प्रथा आमच्या धाराशिव जिल्ह्यातील व्यवसायबंधूंमध्ये दिसते. आमच्या मते ही परीक्षा अपुरी आहे.

रेखापूर्णत्व व वारितरत्व या दोन्ही परीक्षा मुख्यतः कणांचा आकार सांगतात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे बारीक कण तरंगतात. ते कशाचे आहेत, हे त्यावरून कळत नाही. घटकांची साक्ष देतात त्या निराळ्या परीक्षा. निरुत्थ परीक्षेत भस्म रौप्यासह तापविल्यावर रौप्याचे वजन वाढता कामा नये. अपुनर्भव परीक्षेत मित्रपंचकासह तापविल्यावर धातू पुन्हा प्रकट होता कामा नये. ताम्रभस्माने दही हिरवट-निळे पडू नये, अभ्रकभस्मात चंद्रिका दिसू नये.

स्थैर्य हे आकार व घटक या दोहोंवर अवलंबून असते, हे आधुनिक पदार्थविज्ञानही सांगते. दातांच्या टोप्यांसाठी वापरले जाणारे झिर्कोनिया पाहा. त्याची जी स्फटिकरचना एरवी सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या वरच टिकते, ती कण सुमारे ३० नॅनोमीटरहून लहान असल्यास सामान्य तापमानालाही टिकते, असे गार्व्ही यांनी १९६५ मध्ये दाखविले. कण मोठे असले, तरी यिट्रियम ऑक्साइड मिसळल्यास तीच रचना टिकविता येते.

मात्र सूक्ष्मता नेहमीच स्थैर्य देते असे नाही. कण बारीक होतो तसे वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ वाढते. अतिसूक्ष्म कच्चे लोह हवेत आपोआप पेटूही शकते. काळे मॅग्नेटाइट सूक्ष्म असल्यास साध्या हवेतही हळूहळू बदलते. पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले तांबडे हेमेटाइट मात्र टिकते. म्हणजे पुटे कमी देऊन यंत्राने बारीक केलेले लोह बोटांच्या रेषांत भरेलही, परंतु पांडुरोग्याच्या पोटात कच्चा धातूच जाईल.

चूर्णे दोन महिन्यांत हीनवीर्य होतात, तर धातुभस्मे जुनी झाल्यावर अधिक गुणकारी ठरतात, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. हा मान सिद्ध भस्माचा आहे. जुन्या बरणीतील कोणत्याही पुडीचा नव्हे.

म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीसोबत पुटांची संख्या व निरुत्थ-अपुनर्भव परीक्षांचे निष्कर्ष लेखी द्यावेत, शक्य तेथे क्ष-किरण विवर्तन चाचणीही करून घ्यावी. वैद्यांनी या नोंदी मागितल्याशिवाय भस्म घेऊ नये. औषधविक्रेत्यांनी ते हवाबंद काचपात्रात ठेवावे. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील रसशास्त्राच्या अध्यापकांनी या कामी मार्गदर्शन करावे, अशी आमची विनंती आहे. रुग्ण भस्म पारखू शकत नाही. ते आपणच पारखले पाहिजे.