नववीच्या धड्यात राहून गेलेली गोष्ट : हाडं



नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. त्यात टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम येतात. टर्नरमध्ये मुलीचं एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसतं. क्लाइनफेल्टरमध्ये मुलाला एक एक्स जास्तीचं असतं, म्हणजे एकूण 47 गुणसूत्रं. पुढे वंध्यत्वाचा उल्लेख झाला की आपण फळा पुसतो. माझं म्हणणं असं की इथंच थांबणं बरोबर नाही. मूल होणं न होणं हा पुढचा प्रश्न आहे, पण वर्गात बसलेल्या मुलीच्या हाडांचा प्रश्न आजचा आहे.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. ते रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नव्यानं भरतं. वयात येताना ही भर सगळ्यात जोरात होते आणि विशीपर्यंत हाडांची बहुतांश पुंजी जमा होते. जन्मभर खर्च याच पुंजीतून करायचा असतो. ती जमा व्हायला कॅल्शियम, ऊन आणि हालचाल लागते, तसंच इस्ट्रोजेन हे संप्रेरकही लागतं. टर्नर असलेल्या बहुतेक मुलींच्या अंडाशयात ते पुरेसं तयार होत नाही. क्लाइनफेल्टरच्या मुलांत टेस्टोस्टेरॉन कमी पडू शकतं. मग हाडं विरळ राहतात आणि पुढे साध्या पडण्यानंही मोडू शकतात. टर्नरच्या काही मुलींना ऐकू कमी येतं, काहींना गव्हाची अ‍ॅलर्जी समजला जाणारा सिलिअ‍ॅक आजार असतो. त्यात आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही.

हे दुर्मीळ आहे का? साधारण 2000 ते 2500 मुलींमागे एकीला टर्नर असतो आणि 600 च्या आसपास मुलांमागे एकाला क्लाइनफेल्टर. म्हणजे वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्या 16 तालुक्यांत अशी मुलं असणारच. फक्त ती 'बुटकी', 'उशिरा वयात येणारी' किंवा 'लाजरा, लांब हातापायाचा' या नावांखाली दडलेली असतात.

त्यांना ओळखण्याचं साधन आपल्या कपाटात आहे, ते म्हणजे उंची-वजनाचं रजिस्टर. आपण ते भरतो, पण वाचत नाही. पाचवी ते आठवीच्या नोंदी एका ओळीत लावून पाहा. एखादी मुलगी दरवर्षी वर्गमैत्रिणींच्या मागे पडत असेल आणि तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं नसतील, तर 'त्यांच्या घरात सगळे ठेंगणेच' म्हणून सोडू नका. 2013 साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्या मुलीचं नाव डॉक्टरांना वेगळं सांगा. पुढे यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुणसूत्रांची तपासणी रक्तावर होते. नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागला तरी ती करून घ्यावी.

वेळ महत्त्वाची आहे. निदान झालं तर साधारण 11-12 व्या वर्षापासून डॉक्टर इस्ट्रोजेन अगदी थोड्या मात्रेनं सुरू करतात. हे औषध वयात येण्यासाठी असतं, तसंच हाडांसाठीही असतं. 'पाळी आली, आता गोळ्या कशाला' म्हणून ते मध्येच बंद करू नये. ICMR च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पेलाभर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळतं. म्हणून दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला घरात हवाच. पण हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. खेळू द्यावं, मात्र टर्नरमध्ये हृदयाचा दोष असू शकतो, म्हणून आधी हृदयाची तपासणी व्हावी.

पालकांची भीती मी समजू शकतो. लग्नाचं काय, लोक काय म्हणतील, म्हणून तपासणी टाळली जाते आणि नेमकी हाडं भरण्याची वर्षं निघून जातात. शिवाय बोल आईला लागतो. टर्नर किंवा क्लाइनफेल्टर सहसा बीजपेशी तयार होतानाच्या अपघातानं होतो. त्यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही. ही गोष्ट घरी जाऊन खासगीत सांगावी, वर्गात किंवा पालकसभेत कधीच नाही.

पुढच्या वेळी हा पाठ घ्याल तेव्हा वंध्यत्वाच्या वाक्यानंतर एक वाक्य जोडा : 'वेळेवर उपचार मिळाले तर या मुलामुलींची हाडं चांगली राहू शकतात, ती शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.' कदाचित ते वाक्य ज्याच्यासाठी आहे, तो समोरच्या बाकावरच बसलेला असेल.