चार्जरचा वेग, बॅटरीची मर्यादा

विजेवर चालणाऱ्या मोटारींची चर्चा चार्जिंगच्या वेगाभोवतीच फिरत असली, तरी त्या वेगावरचा अंतिम लगाम चार्जरच्या नव्हे, बॅटरीच्या हाती असतो. लिथियम-आयन घट, म्हणजे बॅटरीचे सर्वांत लहान एकक, आधी स्थिर प्रवाहाने भरला जातो आणि त्याचा विद्युतदाब कमाल मर्यादेला (अनेक रसायनांत सुमारे 4.2 व्होल्ट, लोह-फॉस्फेट प्रकारात त्याहून कमी) पोचला की दाब तेवढाच राखून प्रवाह उतरवत न्यावा लागतो; शेवटचा टप्पा रेंगाळतो तो यामुळेच. थंड घटात प्रवाह जबरदस्तीने लोटल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून क्षमता कायमची घटते, म्हणून किती प्रवाह द्यायचा हे वाहनातील बॅटरी व्यवस्थापन प्रणाली क्षणोक्षणी जलद चार्जरला कळवते आणि चार्जर हुकमाचा ताबेदार ठरतो.

तरीही धोरणकर्त्यांचा ओढा महामार्गावरील जलद केंद्रांकडेच, कारण उद्घाटन त्यांचेच करता येते. वास्तविक 30 किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलातील 30 युनिटांची बॅटरी 3.3 किलोवॉटच्या साध्या चार्जरवर रात्रभरात भरते. मात्र एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत अशा 20 मोटारी एकदम जोडल्या गेल्या, तर 66 किलोवॉटचा भार उभा राहतो, जो जुन्या इमारतीच्या मंजूर भाराला पेलेलच असे नाही. उपलब्ध वीज आळीपाळीने वाटणारी भारविभाजन यंत्रणा आणि वाहनतळापर्यंतचा केबलमार्ग यांची अट नव्या इमारतींच्या बांधकाम परवानगीतच घालणे हे रोहित्राची क्षमता वाढवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.