मुलकी कोण?

विद्यार्थिमित्रहो, ‘हा आपला, तो परका’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु आपलेपणा रक्ताने ठरतो, भाषेने ठरतो की कायद्याने, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, रहिवाशांना तरी ह्या प्रश्नाचा धडा दूर शोधावयास नको.

खडकी गावाचे इ. स. १६१० मध्ये नगर केले ते मलिक अंबराने. तो जन्माने हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. तरी दक्षिणेच्या रक्षणार्थ तो मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजला आणि त्याच्या नहरीने ह्या नगराची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागविली. त्यास परका म्हणावे काय?

पुढे हैदराबाद संस्थानात सरकारी नोकऱ्यांसाठी १९१९ चे ‘मुलकी’ नियम झाले. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुलकी; बाहेरून येऊन १५ वर्षे कायम राहिलेला व परत जाण्याचा विचार सोडलेला, तोही मुलकी. मराठी, तेलुगू, कानडी वा उर्दू बोलणारा असा भेद त्यात नव्हता, हा त्याचा गुण. परंतु मुलकी झाला तरी मनुष्य निजामाची प्रजाच राहिला. कायदा करण्याचा अधिकार त्याच्या हाती आला नाही. संस्थान भारतात सामील झाल्यावर १९५२ साली हैदराबादेत ह्याच शब्दावरून आंदोलन पेटले, गोळीबार होऊन माणसे मेली. स्थानिक तरुणांची नोकरीची चिंता खरी होती. पण आसऱ्यासाठी बांधलेल्या भिंतीचा तट होण्यास वेळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

भारताच्या राज्यघटनेने प्रजेचे नागरिक केले. घटनेच्या प्रारंभी येथे कायम वास्तव्य असलेला मनुष्य येथे जन्मलेला असो, त्याची माता वा पिता येथे जन्मलेला असो, अथवा तो लगतची निदान ५ वर्षे येथे राहिलेला असो. तो नागरिक ठरला. त्याचा वंश वा धर्म कलम ५ ने विचारला नाही.

कोणी म्हणेल, कायद्याच्या कागदाने देशप्रेम थोडेच उपजते? आक्षेप खरा आहे. कायदा प्रेम उत्पन्न करीत नाही. परंतु प्रेम करावयास सर्वांना सारखी जागा तोच देतो. यरुशलेमात फटके मारण्यासाठी बांधले असता पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले, तेव्हा सरदारही भ्याला. तरी आपण यहूदी आहोत, हे पौलाने कधी लपविले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मराठी कविता सोडली नाही की स्वदेशप्रीती सोडली नाही. कुळाचा अभिमान आणि नागरिकाचे कर्तव्य एका हृदयात सुखाने नांदू शकतात.

म्हणून आमचे मत असे की, मनुष्य कोठून आला ह्यापेक्षा तो येथील कायदा पाळतो काय, शेजाऱ्याच्या सुखदुःखात उभा राहतो काय, हे पाहावे. पालकांसही आमची विनंती आहे: परप्रांतीचा मुलगा आपल्या मुलाच्या बाकावर येऊन बसला, तर घरी त्याची जात वा प्रांत आधी विचारू नये, त्याचे नाव विचारावे. राष्ट्रभावनेचा श्रीगणेशा तेथूनच होतो.