घर सोडण्याची खूण आधी ठरवा : कोकणातल्या वाड्यांना जाहीर आवाहन

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी, नदीकाठी आणि समुद्राला लागून असलेल्या प्रत्येक वाडीला ही कळकळीची विनंती आहे. मृग लागण्यापूर्वी एका संध्याकाळी देवळात बैठक बसवा आणि एकच गोष्ट ठरवा : पाणी कुठवर चढलं किंवा कोणता इशारा आला की आपण घर सोडायचं. हा निर्णय कोरड्या अंगणात, उजेडात, सगळे हजर असताना झाला पाहिजे. पाणी जोत्याला लागल्यावर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा उशिराचा ठरतो. त्याला भित्रेपणा कारण नसतो आणि बेफिकिरीही नसते. समोर दिसणाऱ्या पाण्यावरून येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधायचा, ही आपली जुनी सवय आहे आणि कोकणच्या भूगोलात तीच घात करते.

जुलै 2021 आठवा. 22 तारखेला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शिरलं, तिकडे सावित्रीने महाड बुडवलं. त्याच दिवसांत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने एका गुंठ्यावर साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर रिते झाले. सह्याद्रीच्या उतारावर असे गुंठे किती असतील, याचा विचार करा. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि घाट उतरून थेट महाडच्या दारात येते. आपल्या अंगणात पाऊस ओसरला, आभाळ थोडं उजळलं, म्हणून आपण निश्चिंत होतो तेव्हा घाटमाथ्यावरचं पाणी वाटेतच असतं. त्यात पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीच्या वेळी खाडीच पाणी घ्यायला तयार नसते आणि नदीचं पाणी मागे तुंबतं. डोंगरातला पाऊस, समुद्राची भरती आणि रात्रीची वेळ या तिन्ही गोष्टी ओटीवर उभं राहून दिसत नाहीत.

दिसते ती फक्त पायरी. पहिली पायरी बुडते, तेव्हा माणूस म्हणतो, दरवर्षी एवढं येतंच. दुसरी बुडते तेव्हा तांदळाची पिंपं माळ्यावर चढवायला घेतो. तिसरी बुडेपर्यंत वीज गेलेली असते, गोठ्यातली जनावरं दाव्याला हिसके देत असतात आणि ज्या पाणंदीने बाहेर पडायचं तिची कड कुठली आणि गटार कुठलं हेच कळत नाही. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की धडधाकट माणसाचाही पाय टिकत नाही, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. मग ऐंशी वर्षांच्या आजीला पाठकुळी घेऊन कोण आणि कुठून जाणार? म्हणून सांगणं आहे की पहिली पायरी बुडायच्या आत निघायचं. आधी ठरलेली खूण असेल तर त्या क्षणी वाद घालावा लागत नाही.

वेळेवर घर सोडल्याने काय साधतं, ते ओडिशाने दाखवून दिलं आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वारा तेव्हाही भयंकरच होता. आपल्याकडे 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पण किनाऱ्यालगतची हजारो माणसं आदल्या दिवसापासून पक्क्या इमारतींत गेलेली होती, त्यामुळे एवढ्या पडझडीत जीवितहानी फार कमी झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं. इशारे काही दिवसांपासून येत होते, तरी भर समुद्रातल्या एका बार्जवर 261 माणसं राहिली आणि त्यातली सत्तरच्या आसपास परत आली नाहीत. इशारा मिळणं आणि त्यावर हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या जवळून पाहूनही आपण विसरलो तर ते अक्षम्य होईल.

यावर पहिला आक्षेप येईल, तो असा की लाल इशारा येतो आणि कोरडा जातो. खरं आहे. वादळ दिशा बदलतं, पाऊस शेजारच्या तालुक्यात पडतो. पण इशारा खोटा ठरला तर एक रात्र शाळेच्या वर्गात सतरंजीवर जाते. तो खरा ठरला आणि आपण घरातच असलो तर काय जातं, हे वेगळं सांगायला नको. दहा वेळा उगाच जावं लागलं तरी हा सौदा वाडीच्या फायद्याचाच आहे. दुसरं म्हणणं गुरांचं आणि घरच्या चीजवस्तूंचं. ते मी हलकं मानत नाही. ज्याची म्हैस म्हणजे घराचं उत्पन्न, तो तिला सोडून जाणार नाही आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच गुरं दुपारीच उंचावरच्या कातळावर नेण्याचं काम कोणाकडे, हे बैठकीत नावानिशी ठरायला हवं. तेवढंही जमलं नाही तर निदान दावं सोडून द्या, जनावर पोहतं.

जुनीजाणती माणसं म्हणतील, आम्हाला समुद्र कळतो. कळतोच. कोणत्या उधाणाला पाणी कुठल्या बांधापर्यंत येतं, हे त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही, आणि खूण ठरवताना पहिला शब्द त्यांचाच हवा. मात्र 2005 च्या पुराची रेघ ज्यांच्या भिंतीवर होती, अशा चिपळुणातल्या कित्येक घरांत 2021 चं पाणी तिच्याही वर गेलं. म्हणून आठवणीतल्या रेघेच्या बऱ्याच खाली आपली खूण असू द्या. आणि नदीतला गाळ काढणं, पूररेषेत बांधकामं न होऊ देणं हे सरकारचं काम आहे, ते मागत राहिलंच पाहिजे. अर्ज द्या, ग्रामसभेत ठराव करा. पण गाळ निघेपर्यंतचे पावसाळे आपल्याला इथेच काढायचे आहेत.

‘निसर्ग’नंतर मोबाईलचे टॉवर बंद पडले होते, त्यामुळे निरोपाची भिस्त फोनवर ठेवू नका, शिमग्याचा ढोल प्रत्येक वाडीत आहे, त्याचा एक ठोका यासाठी राखून ठेवा आणि तो मुलांनासुद्धा ओळखता येऊ द्या. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनाही एक सांगणं आहे. गावाकडे आईवडील एकटे असतील तर त्यांना कोण उचलणार त्याचं नाव आजच विचारून घ्या, आणि इशारा आला की ‘जपून राहा’ म्हणू नका, ‘निघालात का?’ विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवा. आणि बैठक संपल्यावर, त्याच संध्याकाळी, पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर लाल रंगाने रेघ ओढून घ्या. रंगाचा डबा आणि ब्रश बैठकीलाच घेऊन या.