परखड आजीबाईंचें स्मरण

घरांतील वडीलधारी बाई निवर्तली, कीं तेरावा होण्याच्या आंतच तिचें एक नवें चरित्र तयार होतें. जिच्या एका हांकेसरशीं माजघरांतील कुजबूज थांबे, जी जांवयासही तोंडावर सुनावण्यास मागेंपुढें पाहत नसे, जिच्यापुढें हिशेब मांडतांना कर्त्या मुलाचीही जीभ अडखळे, ती बाई समाचारास आलेल्या मंडळींच्या तोंडीं एकाएकीं शांत, सोशिक व अबोल होऊन बसते. हेतु वाईट नसतो. गेलेल्या माणसाविषयीं चांगलें बोलावें ही आपली रीतच आहे. परंतु या चांगुलपणांत ती बाई दुसऱ्यांदा मरते, असें आम्हांस वाटतें.

आमचें निम्में आयुष्य निबंधाच्या वह्या तपासण्यांत गेलें. ‘माझी आजी’ हा विषय दिला, कीं चाळीस वह्यांतून एकच आजी निघे: केंस पांढरे, स्वभाव प्रेमळ, रात्रीं गोष्टी सांगणारी, सकाळीं देवळांत जाणारी. एकाही वहींतील आजी कधीं रागावत नसे. त्याच मुलांच्या आज्या वाटेंत भेटल्या म्हणजे फी, छडी आणि मास्तरांचें शिकविणें या तिहींवर आम्हांस चार खडे शब्द ऐकवीत, ही गोष्ट निराळी!

अप्रिय सत्य बोलूं नये, असें मनूनें सांगितलें आहे हें खरें. पण प्रिय वाटलें तरी असत्य बोलूं नये, असेंही त्यानें तेथेंच सांगून ठेवलें आहे. हा दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणें विसरतों.

परखड बाईचें खरें स्मरण कसें असावें, हें पाहावयाचें असल्यास लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ काढून पुन्हां वाचावीं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या घरांतला. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न कवि नारायण वामन टिळक यांजशीं झालें. लिहिणें-वाचणें जें आलें तें लग्नानंतर. टिळकांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां या बाईंस आप्तांच्या आश्रयानें दिवस काढावे लागले. पुढें त्या पतीकडे परत गेल्या व 1900 सालीं त्यांनींही तोच धर्म पत्करला. त्या धर्मांतराविषयीं आमच्या वाचकांचीं मतें कांहींही असोत. आमचें लक्ष येथें त्यांच्या बोलण्याकडे आहे.

टिळकांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस आईच्या आठवणी कागदावर उतरलेल्या हव्या होत्या. अशा वेळीं दुसऱ्या एखाद्या बाईनें पतिस्तोत्र लिहिलें असतें. लक्ष्मीबाईंनीं जसें घडलें तसें सांगितलें. वडिलांचें सोंवळें इतकें पराकोटीचें, कीं बाजारांतून आलेलें मीठदेखील धुतलें जाई, हें त्या लपवीत नाहींत. पतीचा त्या ‘टिळक’ असा सरळ उल्लेख करतात. त्यांचा तापट स्वभाव, हातांत पैसा न ठरणें, कोणास केव्हां घरीं आणतील याचा नेम नसणें, सर्व कांहीं त्या मांडतात; आणि त्यांच्या थोरपणासही तितकाच न्याय देतात. हीं ‘स्मृतिचित्रें’ 1934 ते 1936 या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. शेवटचा भाग बाहेर पडला त्याच 1936 सालीं बाई वारल्या.

येथें एक भेद ध्यानीं ठेवण्यासारखा आहे. फटकळ बाई दुसऱ्याचें उणें सांगते. परखड बाई आधीं स्वतःचें सांगते. लक्ष्मीबाई आपलें अज्ञान, आपली भीति, आपली फजिती प्रथम हंसत हंसत पुढें ठेवतात. म्हणून त्यांनीं इतरांविषयीं काढलेला शब्द बोंचला तरी डंख धरीत नाहीं. बाळपणापासून अंगीं मुरलेलें सोंवळें-ओंवळें धर्मांतराच्या आधींच त्यांच्या मनांतून कसें गळत गेलें, हेंही त्या तितक्याच उघडपणें सांगतात.

आणि ही जीभ केवळ बोलण्यापुरती नव्हती. बालकवि ठोमऱ्यांसारखा तरुण कवि त्यांच्या अहमदनगरच्या घरीं मुलासारखा वावरला. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य 1919 सालीं त्यांच्या निधनामुळें दहाएक अध्यायांवर अडलें होतें. पुढील साठांहून अधिक अध्याय या बाईंनीं रचले. ज्या घरांत ज्या बाईचे हात इतके राबतात, त्या घरांत तिला बोलण्याचा अधिकार कोणी देण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

लक्ष्मीबाईंनीं स्वतः लिहिलें नसतें तर काय उरलें असतें? ‘कवि टिळकांची सहनशील पत्नी’ एवढी एक ओळ. आपल्या घरोघरच्या आज्या, काकू व आत्याबाई अशाच एका ओळींत संपत आहेत. त्यांतल्या बहुतेकींनीं लिहिलें नाहीं, त्या बोलल्या. तें बोलणें ऐकलेले कान अद्याप आहेत, तोंवरच तें टिपून घेतलें पाहिजे.

म्हणून वाचकांस आमची सूचना इतकीच, कीं येत्या वर्षश्राद्धाला आजीचें स्मरण करतांना तिचे गुण मोजूं नयेत. तिचीं वाक्यें आठवावींत. ती सुनेला काय म्हणाली, मुलाच्या कोणत्या बेताला तिनें मोडता घातला, कोणाची बाजू घेऊन ती साऱ्या घराविरुद्ध उभी राहिली, हें तिच्याच शब्दांत लिहून ठेवावें. शुद्धलेखन तपासूं नये. ज्यांच्या घरीं अशी आजी सुदैवानें अजून आहे, त्यांनीं तर खिशांतला मोबाईल पुढें ठेवून तिचा आवाजच उतरवून घ्यावा. ती प्रथम रागावेल. तो रागही राहूं द्यावा. नातवंडांना पुढें तोच अधिक गोड लागेल.